परसातली संरक्षक भिंत : भाव विचारण्याआधी घनमीटर काढा

कंत्राटदार बहुतेक वेळा 'रनिंग मीटरला एवढे', म्हणजे भिंतीच्या दर मीटर लांबीला एवढे, असा भाव सांगतो. त्यात तळाची रुंदी दिसत नाही, पायाची खोलीही नाही. दोन भाव पडताळायचे तर हिशेब घनमीटरात हवा.

गोव्यात उतारावरच्या घरामागे माती अडवणारी, काळ्या दगडाची १२ मीटर लांब, जमिनीवर १.५ मीटर उंच भिंत धरू. माथा ०.४५ मीटर, तळ ०.८५ मीटर, म्हणजे सरासरी ०.६५. वरचं बांधकाम ११.७ घनमीटर. पायाचा चर १.२ मीटर रुंद, ०.७५ खोल, म्हणजे खोदाई १०.८ घनमीटर. त्यात १५ सेंटिमीटर पीसीसी, म्हणजे सळ्या नसलेलं साधं काँक्रीट (सिमेंट, वाळू, खडी १:४:८), २.१६ घनमीटर आणि वर १ मीटर रुंद, ०.६ उंच दगडकाम ७.२ घनमीटर. एकूण दगडकाम १८.९.

दगड तुटतो, रचताना पोकळी राहते, म्हणून सुमारे २३ घनमीटर मागवा : आठ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर). १:६ (सिमेंट, वाळू) मसाल्यासह सगळं मिळून सिमेंट ४० ते ४३ पोती, वाळू साधारण ८ घनमीटर. खोदाईचा भाव मात्र खड्डा मारून बघितल्याशिवाय ठरवू नका. खडक लागला तर ब्रेकरचं भाडं वाढतं, पण पाया पक्का मिळतो. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) थराखालची पांढरट-पिवळी चिकण माती लागली तर उलट : भिजली की ती बसते, पाया आणखी खाली न्यावा लागतो.

बहुतेक कोटेशनांत गाळलेली बाब म्हणजे निचरा. भिंतीमागे ३० सेंटिमीटर जाडीची खडी, सुमारे ५.४ घनमीटर. ७५ मिलिमीटरच्या पीव्हीसी नळ्या दीड-दीड मीटरवर, दोन ओळींत, खालची नळी वरच्या दोन नळ्यांच्या मधोमध येईल अशा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. अशी पंधराएक छिद्रं होतात, म्हणजे सहा मीटरच्या तीन नळ्या. हे वाचवणं महागात पडतं : पाणी साठलेली माती कोरडीच्या दुपटीहून जास्त रेटते, आणि गोव्याच्या पावसात ती कोरडी राहत नाही. भिंत पोटात फुगते, मग आडवी चीर पडते. मागे मुरूम भरा, खोदलेली चिकण माती नको.

एका चिऱ्याच्या रुंदीची कुंपणभिंत इथं चालत नाही. उंची दोन मीटरच्या वर गेली, किंवा वर गाडी उभी राहणार असली, तर आराखडा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या. त्याची फी अंदाजात धरा. डोंगर कापायचा असेल, तर गोव्याच्या नगर नियोजन कायद्याच्या कलम १७-अ खाली परवानगी आधी घ्यावी लागते.

परसात टिप्पर पोचतो का, तेही मोजा. रस्त्यावर उतरवलेला आठ ब्रास दगड पाटीनं आत न्यायची मजुरी वेगळी पडते. दर पडताळायला सार्वजनिक बांधकाम खात्याचं गोवा दरपत्रक धरा, आणि बिलाचा दहावा हिस्सा पहिला जोरदार पाऊस पडून नळ्यांतून पाणी वाहताना दिसेपर्यंत हातात ठेवा.