भीमाशंकरला जाऊनही शेकरू दिसलं नाही? या चुका टाळा

"भीमाशंकर झालं, पण शेकरू काही दिसलं नाही." पुण्यात ही तक्रार सारखी कानावर येते. शेकरू तिथे आहे. १९८५ साली जाहीर झालेलं सुमारे १३० चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य आपल्या या राज्यप्राण्याचं हक्काचं घर आहे. गडबड होते ती आपल्या वेळापत्रकात.

शनिवारी सकाळी सहाला घर सोडायचं, चाकणच्या कोंडीत अडकायचं, राजगुरुनगरला मिसळ खायची आणि वाड्याच्या रस्त्याने वर चढायचं. अंतर ११० किलोमीटरच्या आसपास, पण पोहोचेपर्यंत दहा वाजून जातात. शेकरूचा दिवस तोवर अर्धा झालेला असतो. पहाटेपासून सकाळच्या पहिल्या काही तासांत ते खातं, फिरतं, ओरडतं. दुपारी एखाद्या फांदीवर पानांच्या आड अंग टाकून पडतं. संध्याकाळी पुन्हा हालचाल सुरू होते. म्हणून आदल्या संध्याकाळीच जा, गावात मुक्काम करा आणि उजाडताना जंगलाच्या वाटेवर असा. दर्शन नंतर घ्या. श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र प्राणी बघण्यासाठी साफ विसरा.

सगळं लक्ष वाटेवर ठेवणं

शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतं. जांभूळ, अंजनी, हिरडा अशा झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असतात आणि त्यावरूनच त्याचं सगळं दळणवळण चालतं. बारीक फांद्यांच्या टोकाशी काटक्या-पानांचा गोल गोळा दिसला, की ते घरटं. मात्र एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधतं, त्यामुळे प्रत्येक घरट्यात कुणी असेलच असं नाही. अशा जागी पंधरा-वीस मिनिटं गप्प बसा. आधी ऐकू येईल तो खडखडाटासारखा मोठा आवाज, मग फांदी हलेल, मग तांबूस पाठ आणि झुपकेदार शेपटी. आठ-दहा जणांचा बोलत चालणारा गट असेल तर तो आवाजही कानावर पडणार नाही. तिघे-चौघेच जा, आणि स्पीकर घरी ठेवा.

बिस्किटं तर मुळीच टाकू नका. देवळाजवळच्या माकडांना पिशव्या ओढायची सवय आपणच लावली आहे. शेकरूचं तसं होऊ नये, एवढी काळजी आपण घेऊ शकतो.

धुक्यात पाण्याच्या कडेने उतरणं

ही चूक जिवावर बेतू शकते. पावसाळ्यात इथे धुकं इतकं दाट होतं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, आणि मोबाइलला रेंज असेलच असं नाही. वाट चुकली की "ओढा धरला की गाव लागतं" असं बरेचजण म्हणतात. भीमाशंकरच्या पश्चिम अंगाला हे खरं नाही. तिथे पठार संपतं आणि कडा सरळ कोकणात कोसळतो. ओढाही तिथूनच खाली झेपावतो. धुक्यात कडा दिसेपर्यंत पाय शेवाळलेल्या कातळावर पडलेला असतो.

वाट चुकल्यासारखं वाटलं तर आधी थांबा, सगळ्यांना एकत्र करा. खात्रीची शेवटची खूण, म्हणजे पाटी, मोठं झाड, ओलांडलेला ओढा, आठवून फक्त तिथपर्यंत मागे या. खूण सापडली नाही तर धुकं विरळ होईपर्यंत तिथेच बसा. शिट्टी, सुका शर्ट आणि विजेरी यासाठीच पिशवीत हवी. सगळ्यात उत्तम म्हणजे जवळच्या गावातला वाटाड्या घ्या. इथल्या महादेव कोळी माणसांना हे रान पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, आणि तुमचे पैसेही गावात राहतात.

पावसाळ्यात कुजक्या लाकडावरची बुरशी रात्री हिरवट चमकते, हे ऐकून बरेचजण अंधारात घुसतात. अभयारण्यात असं विनापरवानगी फिरता येत नाही. आधी वनखात्याकडे चौकशी करा. आणि परवानगी मिळाली तरी विजेरी बंद करून डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या, तेव्हाच ती चमक दिसते.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. अत्तर, डिओ मारून जाऊ नका आणि धूर करू नका, झाडा-कड्यांवर आग्या मोहोळं असतात. ओल्या फांदीला हात लावण्याआधी नीट बघा, हिरवा चापडा हा विषारी साप पानांत मिसळून गेलेला असतो.

आणि गाडी देवळापाशी लावून कोकणातल्या पायथ्याच्या खांडस गावाकडे उतरू नका. उतरायला काही तास लागतात, पण रस्त्याने गाडीपर्यंत परत यायला मोठा वळसा पडतो. घाटवाट करायचीच असेल तर खांडसहून चढा. तिथून वर येणाऱ्या वाटांपैकी शिडी घाट पावसात टाळा, तिथले कातळटप्पे फार निसरडे होतात. गणेश घाट लांबचा आहे, पण सोपा. परतीला त्याच वाटेने उतरणार असाल तर दुपारी एकच्या आत वरून निघा.