पीटी१०० चुकीचं तापमान दाखवतोय? आधी वायरी बघा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पीटी१०० (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा प्लॅटिनमचा सेन्सर) आणि त्याचा रोध मोजणाऱ्या मॅक्स३१८६५ चिपचा बोर्ड आणला, आर्डुइनोला (कोड चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलर बोर्डाला) जोडला, आणि आकडा दोन-अडीच अंशांनी जास्त येतोय? सेन्सरला दोष देऊ नका. पीटी१०० चा रोध 0 अंशाला 100 ओहम असतो आणि दर अंशाला जेमतेम 0.39 ओहमने वाढतो. म्हणजे लांब वायरींचा जाऊन-येऊन 1 ओहम रोध मध्ये आला, की अडीच अंश फुकट वाढले! म्हणून वायरींचा रोध मोजणीतून वगळता येतो असा चार वायरींचाच सेन्सर घ्या. बोर्डवरचे जंपर (जोडणी निवडायचे छोटे दुवे) आणि कोडमधली सेटिंग, दोन्ही त्याप्रमाणे बदला. एक बदलून दुसरं विसरणं फार होतं.

मग बर्फाची चाचणी. डिस्टिल्ड वॉटरचा बर्फ बारीक कुटून थर्मासमध्ये गच्च भरा, फटी भरतील एवढंच तेच पाणी ओता. सेन्सर मधोमध, गच्च भरलेल्या बर्फात हवा; तळाला नुसतं पाणी साचलं तर ते 0 च्या वर असतं. पंधरा मिनिटं थांबा. समजा रोध 100.31 ओहम दिसला, तर कोडमधल्या 430 (बोर्डवरच्या संदर्भ-रोधाचे ओहम) ऐवजी त्याच प्रमाणात घटवून 428.7 लिहा.

मुंबईच्या पावसाळ्यात वायरींचे सांधे उघडे ठेवू नका. दमटपणामुळे सेन्सरच्या दोन टोकांमध्ये 100 किलोओहमची गळती झाली (म्हणजे तेवढ्या रोधातून वीज पाझरली) तरी पीटी१०० पाव अंश कमी दाखवतो, आणि पीटी१००० (0 अंशाला 1000 ओहमचा सेन्सर) तर अडीच अंश. आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी) नळी चढवा.