अमेरिकी वसाहतींतल्या विधानसभांची इंग्रजी मुळं : अभ्यासताना या चुका टाळा

अमेरिकी राज्यक्रांतीवर लिहिताना बरेच जण 1776 हातात धरून मागे मागे जातात. शेवट ठाऊक असतो, त्यामुळे सुरुवातीतही तोच दिसायला लागतो. मग मॅग्ना कार्टामध्ये लोकशाही सापडते आणि मेफ्लॉवर जहाजावर राज्यघटना. खालच्या बहुतेक चुका या एकाच सवयीच्या आहेत.

सगळं श्रेय मॅग्ना कार्टाला देणं

मॅग्ना कार्टा म्हणजे इंग्लंडच्या राजाने 1215 मध्ये दिलेली सनद. तिच्या बाराव्या कलमात म्हटलं होतं की राज्याच्या संमतीशिवाय राजाने काही विशिष्ट कर घेऊ नयेत. पण संमती द्यायची कोणी? बिशप, सरदार आणि राजाकडून थेट जमीन धारण करणारे. निवडून आलेलं त्यात कोणीच नव्हतं. शिवाय 1216 मध्ये सनद पुन्हा काढली तेव्हा हे कलमच गाळलं गेलं.

प्रतिनिधी शोधायचे तर 1265 कडे, सायमन द माँटफर्ट या बंडखोर सरदाराच्या पार्लमेंटकडे जा, आणि तिथून 1295 कडे. राजा पहिल्या एडवर्डला युद्धांसाठी पैसा हवा होता. त्याने प्रत्येक काउंटीतून (जिल्ह्यातून) दोन नाइट आणि ठरावीक शहरांतून दोन-दोन बर्जेस, म्हणजे शहराचे प्रतिनिधी, बोलावले. आपल्या गावाला बांधील करणारा शब्द देण्याचा पूर्ण अधिकार त्यांना असावा, अशी अट होती. म्हणजे मूळ व्यवहार सरळ आहे: राजाला पैसे हवेत, तर त्या त्या ठिकाणाहून माणूस येईल आणि ठिकाणाच्या वतीने होकार देईल. अटलांटिकपलीकडे रुजलं ते हे. मॅग्ना कार्टाचा दबदबा सतराव्या शतकात एडवर्ड कोकसारख्या कायदेपंडितांनी नव्याने वाढवला, नेमका वसाहती उभ्या राहत होत्या त्या काळात.

1619 ची सभा राजाने दिली असं लिहिणं

ही चूक सर्रास होते. व्हर्जिनियातली जेम्सटाउनची वसाहत 1607 ची, आणि ती व्हर्जिनिया कंपनीची. पहिली काही वर्षं तिथे लष्करी थाटाचा कडक कायदा होता. माणसं मरत होती, नवी यायला तयार नव्हती. तेव्हा कंपनीने धोरण बदललं: स्वखर्चाने येणाऱ्याला माणशी 50 एकर जमीन, इंग्लंडसारखा कायदा आणि वसाहतवाल्यांची सभा. गव्हर्नर जॉर्ज यर्डली या सूचना घेऊन आला. 30 जुलै 1619 रोजी जेम्सटाउनच्या चर्चमध्ये सभा भरली. अकरा वस्त्यांनी प्रत्येकी दोन असे 22 बर्जेस पाठवले होते, पैकी एका वस्तीच्या दोघांना बसू दिलं नाही, कारण त्यांचा जमीनदार वसाहतीचे कायदे स्वतःला लागू मानत नव्हता. स्पीकर होता जॉन पोरी, आधी हाउस ऑफ कॉमन्समध्ये (इंग्लंडच्या पार्लमेंटच्या निवडून आलेल्या सभागृहात) बसलेला माणूस. सदस्यांची पात्रता तपासायची, विधेयकं समित्यांकडे द्यायची, ही वळणं अशीच माणसांबरोबर आली. उकाड्याने आणि आजारपणाने सहा दिवसांत सभा आटोपली. एक बर्जेस तर अधिवेशन चालू असतानाच वारला.

राजाने काय केलं? 1624 मध्ये कंपनीची सनद रद्द झाली आणि सभा अधांतरी लटकली. तरी ती भरत राहिली, आणि राजाकडून तिला रीतसर मान्यता मिळाली 1639 मध्ये.

सनदेतल्या शब्दांवर विसंबणं

1606 च्या व्हर्जिनिया सनदेत लिहिलंय की तिथे राहणाऱ्या इंग्रजांना आणि त्यांच्या मुलांना इंग्लंडमध्ये जन्मल्यासारखेच हक्क असतील. हे वाक्य उद्धृत करून लगेच ‘म्हणून विधानसभा आली’ असं लिहू नका. आपली मुंबईच बघा. 1668 मध्ये दुसऱ्या चार्ल्सने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंडांवर दिली. जमीनधारणेची अट व्हर्जिनियाच्याच साच्यातली, ‘ईस्ट ग्रीनिचच्या मॅनरप्रमाणे’ (मॅनर म्हणजे जमीनदारी). बेटावरच्या राजाच्या प्रजाजनांना आणि त्यांच्या मुलांना इंग्लंडमध्ये जन्मल्यासारखं मानण्याचं आश्वासनही त्यात होतं. विधानसभा मात्र आली नाही. तिथे कंपनीला व्यापार हवा होता, इंग्रज शेतकरी बोलवायचे नव्हते. व्हर्जिनियात माणसं टिकवण्यासाठी त्यांना सभेत बसवणं भाग पडलं. आणि गंमत म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर टॉमस स्मिथ हाच 1619 पर्यंत व्हर्जिनिया कंपनीचाही प्रमुख होता.

मेफ्लॉवर कराराला विधानसभा समजणं

1620 चा हा करार 41 पुरुषांनी जहाजावर सही केलेला, एकत्र राहून कायदे पाळण्याचा. त्यात प्रतिनिधी नाहीत. न्यू इंग्लंडमधली खरी पायरी मॅसॅच्युसेट्समध्ये पडली. 1632 मध्ये वॉटरटाउनच्या लोकांनी तटबंदीच्या वर्गणीला हरकत घेतली: आम्हाला न विचारता पैसे कसे मागता? दोन वर्षांत गावांचे प्रतिनिधी जनरल कोर्टात, म्हणजे वसाहतीच्या सभेत, बसू लागले. तेही मूळचं व्यापारी कंपनीच्या भागधारकांच्या सभेचंच रूपांतर.

सभा होती, म्हणजे लोकशाही होती, हा समज

नाही. इंग्लंडमध्ये 1430 पासून काउंटीत मत द्यायला वर्षाला 40 शिलिंग उत्पन्नाची मालकीची जमीन लागे. व्हर्जिनियाने 1670 मध्ये मतदान जमीन आणि घरदार असणाऱ्यांपुरतं केलं. मॅसॅच्युसेट्सने 1631 मध्ये ते चर्चच्या सभासदांपुरतं ठेवलं होतं. स्त्रिया, गुलाम आणि मूळचे रहिवासी बाहेरच. जेम्सटाउनची सभा संपून काही आठवडे होत नाहीत तोच, ऑगस्ट 1619 अखेर, पॉइंट कम्फर्टला वीसेक आफ्रिकी बंदी उतरवले गेले. हे दोन परिच्छेद पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. शेजारी ठेवून वाचा.

‘प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही’ म्हणजे लंडनमध्ये जागा हव्या होत्या, असं मानणं

1765 च्या स्टँप कायद्याने पार्लमेंटने वसाहतींतल्या कागदपत्रांवर कर बसवला, तेव्हा लंडनचं म्हणणं होतं की कॉमन्समधला प्रत्येक सदस्य सगळ्या साम्राज्याचाच प्रतिनिधी असतो. मँचेस्टरला तरी कुठे सदस्य आहे? (नव्हताच, 1832 पर्यंत. ओल्ड सेरम या ओसाड टेकाडाला मात्र दोन होते.) वसाहतींना हे पटणं शक्य नव्हतं, कारण त्यांच्याकडे प्रतिनिधी म्हणजे आपल्या गावचा, आपल्या सूचना घेऊन जाणारा माणूस. त्याच वर्षी न्यूयॉर्कला भरलेल्या स्टँप कायदा काँग्रेसने स्पष्ट ठराव केला की कॉमन्समध्ये आमचं प्रतिनिधित्व नाही आणि अंतर पाहता होऊही शकत नाही. मागणी होती कर फक्त आमच्या विधानसभांनी बसवावा, ही. ती अगदी 1295 च्या वळणाची. तोवर बदललं होतं ते इंग्लंडच.

साल जुळत नसेल तर

कनेक्टिकट वसाहतीच्या कारभाराचे नियम, म्हणजे तिचे मूलभूत आदेश, एका पुस्तकात 1638 चे, दुसऱ्यात 1639 चे. इंग्लंडचा हक्कांचा कायदा कुठे 1688, कुठे 1689. ही छपाईची चूक नव्हे. 1752 पूर्वी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू होई. त्यामुळे जानेवारी ते 24 मार्चमधली तारीख दिसली की आजच्या हिशेबाने एक वर्ष पुढचं धरा. हक्कांचा कायदा संमत झाला डिसेंबर 1689 मध्ये, पण तेव्हा कायद्यावर अधिवेशन सुरू झाल्याचं साल पडे, आणि ते सुरू झालं होतं फेब्रुवारीत, म्हणजे जुन्या हिशेबाने 1688 मध्येच. उत्तरात 1689 लिहा.