गावच्या शिळेवरचा आकडा आणि त्यामागचा शिपाई: शोध कसा घ्यावा

सातारा, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या कित्येक गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक छोटी संगमरवरी शिळा बसवलेली असते. या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नाव एकाचंही नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या ४६ जणांची आठवण निदान काढली तरी जाते. ज्या गावाचा आकडा ३ आहे, तिथली ती तीन माणसं कोण, हे आज घरच्यांनाही ठाऊक नसतं. मला ही गोष्ट फार लागते, कारण ती नावं बहुतेक वेळा सापडतात.

आधी शिळा नीट वाचा. तिच्यावर चुन्याचे थर चढलेले असतात, पण तारेचा ब्रश किंवा ॲसिड अजिबात नको. ओल्या फडक्यानं पुसा आणि अंधार पडल्यावर टॉर्च बाजूनं तिरका धरा. चुना भरलेला ३ आणि ८ सारखाच दिसतो; तिरक्या उजेडात कोरलेल्या खाचेत सावली पडते आणि आकडा उघडा होतो. आकडा चुकला तर पुढची सगळी पडताळणी चुकते.

मग घरं फिरा. ‘तुमच्याकडं कुणी शहीद झालंय का?’ असं विचारलं तर लोक नाही म्हणतात. ‘तुमच्यातलं कुणी बसऱ्याला गेलं होतं का? पलटणीची पेन्शन कुठल्या आजीला यायची?’ असं विचारा. (बसरा म्हणजे इराकमधलं बंदर.) देवघरातले टाक, म्हणजे पूजेतल्या धातूच्या छोट्या प्रतिमाही बघा. अकाली गेलेल्या पुरुषाचा वीर म्हणून टाक पूजेत ठेवतात आणि तो कुणाचा हे घरातली म्हातारी माणसं सांगतात. जुन्या ट्रंकेत पदक निघालं तर त्याची कड भिंगाखाली धरा. नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण तिथंच ठोकलेली असते. तळहातापेक्षा मोठी ब्राँझची गोल तबकडी निघाली, तर ती मेलेल्या सैनिकाच्या घरी पाठवलेली असते. तिच्यावर नाव असतं, पलटण नसते.

आता महायुद्धांत मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर या. इथली यादी फुकट पाहता येते. पहिलं महायुद्ध आणि भारतीय सेना निवडा, आणि नावाऐवजी ‘अधिक माहिती’च्या रकान्यात गावाचं नाव टाका. वडिलांचं किंवा बायकोचं नाव, गाव, तालुका, जिल्हा हे तिथं असतं. रोमन लिपीतलं स्पेलिंग मात्र त्या वेळच्या कारकुनाच्या कानावर अवलंबून होतं. पवारचा पोवार, शिंदेचा सिंदे होतो, ‘व’साठी कधी व्ही तर कधी डब्ल्यू, आणि आडनाव पुष्कळदा नसतंच. पाच-सहा तऱ्हांनी शोधा.

जिल्हे जुनेच टाका. सिंधुदुर्ग १९८१ साली झाला, म्हणून मालवण-देवगड रत्नागिरीखाली सापडतील. रायगडसाठी कुलाबा, आणि सांगलीकडच्या बऱ्याच गावांसाठी सातारा. हात बसायला उत्तर माहीत असलेली एक नोंद आधी शोधा (हिच्यापुरतं दुसरं महायुद्ध निवडा): व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ ला इटलीत कामी आले, नाव कसिनोच्या स्मारकावर.

नोंद मिळाली की पलटण आणि तारीख एकत्र वाचा. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी इराकमध्ये लढलेल्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. मृत्यू नोव्हेंबर १९१५ च्या शेवटी असेल तर बगदादजवळची टेसिफॉनची लढाई. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळातला असेल तर बहुधा इराकमधल्या कूत गावाला तुर्कांनी घातलेला वेढा, आणि त्यानंतरचा असेल तर तुर्कांची कैद असू शकते. बसरा स्मारकावर ४०,००० हून अधिक लोकांची स्मृती आहे, पण भारतीय शिपायांची नावं कोरलेली नाहीत. पलटणीखाली नुसती संख्या आहे. गावातही आकडा आणि बसऱ्यातही आकडाच, म्हणूनच मी या कामाला लागलो. फक्त मराठा पलटणींवर थांबू नका. १११ महार पलटण, बॉम्बे सॅपर्स (लष्करी बांधकामाची तुकडी), खेचरांच्या तुकड्या, हमाल तुकड्या, सगळीकडं आपली माणसं होती. दर्यावर्दी खलाशी असेल तर मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममधलं स्मारक बघा, त्यावर २,२२३ नावं आहेत.

एकाच नावाचे दोघे गावात असणारच. म्हणून तहसीलच्या अभिलेख कक्षात मृत्यूच्या सालानंतरचे जमिनीचे फेरफार मागा. ‘मयत’ लिहून बायको किंवा भाऊ वारस लागलेला दिसतो. वंशावळ अडली तर त्र्यंबक-नाशिकच्या उपाध्यायांच्या वह्या किंवा दक्षिणेकडं हेळव्यांची (पिढीजात वंशावळी ठेवणाऱ्यांची) नोंद उपयोगी पडते. बापाचं नाव दोन वेगळ्या ठिकाणी जुळल्याशिवाय मी कुणाच्या दारात जाऊन ‘हा तुमचा’ असं म्हणत नाही. घरच्यांना चुकीचा पणजोबा देणं फार वाईट.

सगळं जुळलं आणि नाव कमिशनच्या यादीत नसेल, तर कागदांच्या प्रती जोडून त्यांना कळवा. मृत्यू ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ मधला हवा. एक प्रत त्या घरी द्या, एक ग्रामपंचायतीत, आणि शिळेशेजारी नावांचा फलक लावायचा ठराव ग्रामसभेत मांडा.