फवारणीचा पंप उचलण्याआधी प्रार्थनाकीटक ओळखा

भात कापणीला आलं की वेलीच्या मांडवावर, बांधावरच्या गवतात मोठे प्रार्थनाकीटक दिसू लागतात. पावसाळ्यातल्या पिल्लांना आता पंख फुटलेले असतात. शहापूर-मुरबाडकडे वाल, भेंडी, काकडीची तयारी याच सुमारास सुरू होते, आणि नेरूळ-घणसोलीत गच्चीवर भाजी लावणाऱ्यांच्या हातातही पंप येतो. पानावर काहीतरी मोठं हललं की नाकतोडा समजून औषध मारायचं, ही सवय आधी सोडा. नाकतोड्याचे मागचे पाय उडी मारण्यासाठी जाडजूड असतात. प्रार्थनाकीटकाचे जाड आणि काटेरी पाय पुढचे.

जात ओळखताना रंगावर जाऊ नका, एकाच जातीत हिरवे आणि तपकिरी दोन्ही सापडतात. समोर पेन्सिल धरली तर मोठी मादी बहुधा पुढचे पाय फाकवून दरडावते, तेवढ्यात समोरून फोटो काढा. पायाच्या बुडाशी, आतल्या बाजूला काळा डाग असेल (कधी त्यात पांढरा ठिपका) तर तो मॅन्टिस रिलिजिओसा. तिथे फिकट पिवळसर उंचवटे आणि मिटलेल्या पंखाच्या कडेजवळ एक पांढरट ठिपका असेल तर हायरोड्युला. अंगाने हा जास्त दणकट. पंखावर डोळ्यासारखं वर्तुळ असलेला छोटा कीटक फुलांवर दबा धरून बसलेला दिसला तर तो क्रिओब्रोटर. बिनपंखाच्या पिल्लांवर डोकं खपवू नका, त्यांची जात सांगणं जाणत्यांनाही जड जातं.

नर-मादीतही गल्लत होते. नर सडपातळ, लांब मिशांचा, रात्री दिव्यावर येणारा. मादीचं पोट फुगीर. ही दोन वेगळ्या जाती नाहीत.

आता उपयोगाचं. प्रार्थनाकीटक अळ्या, नाकतोडे, पतंग खातो, पण मधमाशीही सोडत नाही. त्यामुळे दुधी-काकडीच्या फुलाशीच ठाण मांडून बसला असेल तर काडीवर घेऊन भेंडीच्या ओळीत किंवा कुंपणावर सोडा. मावा आणि पिठ्या ढेकूण तो आवरेल या भरवशावर राहू नका. त्यासाठी 5 टक्के निंबोळी अर्क फवारा, तोही संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर.

छाटणी करताना काड्यांवर वाळलेल्या फेसासारखा, खाकी, टणक गोळा दिसला तर ती अंड्यांची पेटी. पृष्ठभागावर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं असतील तर बारीक परजीवी गांधीलमाशी आतून बाहेर पडून गेलेली असते. त्या पेटीतून फारशी पिल्लं निघणार नाहीत. भोकं नसलेली पेटी काडीसकट कापून कुंपणाच्या फांदीला, मुंग्यांची रांग नसेल अशा जागी सुतळीने बांधा. ती काडी पालापाचोळ्याबरोबर पेटवून देऊ नका.