सीपीएसएसची तयारी: घड्याळं आधी, जॉयस्टिक नंतर

सीपीएसएस (कॉम्प्युटराइज्ड पायलट सिलेक्शन सिस्टिम) ही भारतीय हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेसाठीची वैमानिक अभियोग्यता चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. त्यामुळे ‘या वेळी नुसतं बघून येऊ’ हा विचार डोक्यातून काढा.

पहिला भाग उपकरणं, म्हणजे विमानातली घड्याळासारखी मापकं, वाचण्याचा, आणि खरी तयारी इथेच होते. अल्टिमीटरचा (उंची दाखवणाऱ्या मापकाचा) लांब काटा शेकडे दाखवतो, आखूड काटा हजार. हजाराचा काटा ३ आणि ४ च्या मध्ये, लांब काटा ५ वर, म्हणजे ३,५०० फूट. आधी आखूड काटा वाचा. घाईत लांब काटा आधी वाचणारे हजाराचा आकडा चुकवतात. कृत्रिम क्षितिजावर (विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणावर) तर बहुतेकांची गल्लत होते: विमान डावीकडे कललं की क्षितिजरेषेचं उजवं टोक खाली जातं. मान रेषेसोबत वाकवू नका. विमानाचं चिन्ह स्थिर धरून रेषा वाचा. होकायंत्रावर ०९० पूर्व, १८० दक्षिण, २७० पश्चिम. हे विचार न करता आठवायला हवं. सहा उपकरणांची चित्रं काढा, वेळ लावून वाचा.

यंत्रावरच्या चाचण्यांत हातपायांचा मेळ लागतो. पायांनी पेडल, हातात स्टिक, त्यातच दिवे आणि आवाज यांना प्रतिसाद. पडद्यावरचा ठिपका मध्यावर ठेवायचा असतो; तो निसटला की स्टिक जोरात ओढली जाते आणि तो दुसऱ्या टोकाला पळतो. छोटी हालचाल करा, लगेच मध्यावर या. व्हिडिओ गेमने थोडी मदत होते, पण पेडलची सवय त्यातून लागत नाही.

आदल्या रात्री जागरण नको. सूचना सांगताना दिशा नीट ऐका.