ईसीजी वाचताना पेशंटला काय विचाराल

ईसीजीचा कागद हातात आला की आधी नाव, वय, वेळ आणि कडेला छापलेले दोन आकडे बघा: वेग सेकंदाला २५ मिमी, उंची १ मिलिव्होल्टला १० मिमी. मशीन १० ऐवजी ५ मिमीवर राहिलं असेल तर सगळ्या लाटा निम्म्याच दिसतात. लीड १ (लीड म्हणजे हृदयाकडे एका कोनातून बघणारी नोंद) पूर्ण उलटी आणि एव्हीआर ही एरवी उलटी असणारी लीड सुलटी दिसली तर बहुतेक हातांच्या वायरी अदलाबदल झालेल्या असतात, पुन्हा काढा.

मग विचारा: दुखणं कधी सुरू झालं, घाम आला का, आधी अटॅक येऊन गेलाय का, शुगर, बीपी, किडनीचं काही? गोळ्यांची पिशवीच मागून घ्या. 'बीपीची गोळी चालू आहे' एवढ्यावर भागत नाही.

समजा, छातीवरच्या व्ही१ ते व्ही४ लीडमध्ये एसटी (क्यूआरएस या मोठ्या लाटेनंतरचा सपाट भाग) २ मिमी उचललेला आहे, सोबत खोल क्यू (त्याच लाटेच्या सुरुवातीचा खड्डा). मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी आलेल्या, दोन वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेलेल्या आणि आज काहीच त्रास नसलेल्या माणसाचा हा कागद असेल, तर ती जुन्या अटॅकची खूण असू शकते. अशा वेळी हृदयाच्या भिंतीला फुगवटा आलेला असू शकतो. जुना ईसीजी शेजारी ठेवून ताडा, इको (हृदयाची सोनोग्राफी) करा. तोच कागद तासाभरापूर्वी छाती दाटून घामाघूम झालेल्याचा असेल, तर नवा अटॅक समजूनच हालचाल करा. तिथे जुनी फाइल शोधण्यात वेळ घालवू नका.

शुगरवाल्यांना आणि वयस्कर बायकांना कधीकधी छातीत दुखतच नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, 'पित्त झालंय' म्हणतात. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी त्यांना घरी पाठवू नका. त्रास चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढा, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्ताची तपासणी) पाठवा.

लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये (या हृदयाचा खालचा भाग दाखवतात) एसटी उचललेला असेल तर जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) देण्याआधी बीपी घ्या, व्ही४आर (छातीच्या उजव्या बाजूची लीड) काढा. हृदयाच्या उजव्या कप्प्याला मार बसलेला असेल तर त्या गोळीने बीपी धाडकन पडतं. सिल्डेनाफिल (लैंगिक ताठरतेची गोळी) घेतलंय का, हेही संकोच न करता विचारा.

डायलिसिस चुकलेला किंवा किडनी कमजोर असून स्पायरोनोलॅक्टोन (शरीरात पोटॅशियम धरून ठेवणारी गोळी) घेणारा पेशंट, आणि टी लाटा (एसटीनंतरच्या) उंच, अरुंद, टोकदार: पोटॅशियम वाढलंय असं धरा. क्यूआरएस रुंदावू लागला की लॅबच्या रिपोर्टसाठी थांबू नका, शिरेतून कॅल्शियम ग्लुकोनेट सुरू करा. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाने एसटी झोळीसारखा खाली वाकतो. त्यावरून औषध चालू आहे एवढंच कळतं, ते जास्त झालंय असं नाही.

प्रत्येक कागदावर 'काढताना दुखत होतं' की 'नव्हतं' हे लिहा, आणि झेरॉक्स काढून फाइलला लावा. थर्मल कागदावरची रेघ काळाबरोबर उडून जाते.